भूल : शस्त्रक्रियेतील जागता पहारा



विनयपिटकाच्या महावग्गात वैद्य जीवकाची हकीकत आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला त्याने खाटेला बांधले, कवटी उघडली आणि आतून दोन जिवंत किडे काढून लोकांना दाखविले. बांधावे लागले, कारण आजच्यासारखी भूल नव्हती. ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जगापुढे आली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बोस्टन येथे.

हायडॅटिड हाही किड्याचाच रोग. कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून माती, भाजी, पाणी यांवाटे आपल्या तोंडात जातात. अळी बहुधा यकृतात, नाहीतर फुप्फुसात ठाण मांडते आणि पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते.

खरा धोका त्या पाण्याचा. शस्त्रक्रियेत गाठ फुटली तर काहींना तीव्र ॲलर्जी होते. रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. जागा माणूस "जीव गुदमरतो" असे सांगेल. भूल दिलेला कसे सांगणार? म्हणून त्याच्या वतीने भूलतज्ज्ञ जागा असतो. नाडी, रक्तदाब, प्राणवायू यांवर त्याची नजर आणि ॲड्रेनॅलीन हाताशी तयार. गाठ फुप्फुसात असेल तर तो बहुधा दोन मार्गांची नळी घालून दोन्ही फुप्फुसे वेगळी ठेवतो, म्हणजे फुटलेल्या गाठीचे पाणी चांगल्या बाजूला उतरत नाही. किडा मारण्यासाठी सर्जन तीव्र मिठाचे पाणी वापरतात. ते रक्तात शोषले गेले तर क्षार वाढतात. तेही भूलतज्ज्ञालाच पाहावे लागते.

"भूल दिली की माणूस उठत नाही" या भीतीने आपले लोक शस्त्रक्रिया टाळतात, अंगारे-धुपारे करतात. भीती नको, लपवाछपवीही नको. दमा, चालू औषधे, पूर्वीची भूल, उपाशीपोटी राहायला सांगितले असता घेतलेला घोटभर चहासुद्धा भूलतज्ज्ञाला सांगावा. जंताचे औषध मनाने घेऊ नये. फुप्फुसातील मोठी गाठ त्याने फुटू शकते.

कापलेल्या जनावराचे काळीज, फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकू नये. कुत्र्याला जंताचे औषध द्यावे, हात व भाजी धुवावी. आणि ध्यानात ठेवावे, रोग्याला शिवल्याने हा रोग होत नाही. शिवाशिवीचे चटके सोसलेल्या समाजाने तरी रोग्याला दूर बसवू नये. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले होते.

जीवकाने किडे लोकांना दाखविले. रोग हा कोप नव्हे, त्याला कारण असते आणि ते दूर करता येते, हे आम्ही त्यातून घ्यावयाचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!