मुंबईचा मुक्काम



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून धर्म, इतिहास, अर्थकारण, राज्यकारभार अशा थोर विषयांचा ऊहापोह होत आला आहे. त्या मालिकेत माझा आजचा विषय अगदीच घरगुती वाटेल. मुंबईसारख्या शहरी तीन-चार दिवसांसाठी जायचे असता, मध्यम भाड्याच्या हॉटेलात सुखाने राहण्याची योजना कशी करावी, एवढाच तो आहे. परंतु विषय घरगुती असला म्हणजे क्षुल्लक असतो असे नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांना मुंबई निव्वळ हौसेखातर फारशी पाहावी लागत नाही. कोणाला इस्पितळात जायचे असते, कोणाचा हायकोर्टात दावा असतो, कोणाला मंत्रालयात खेपा घालायच्या असतात, कोणाला परदेशी निघालेल्या मुलाला निरोप द्यायचा असतो. अशा वेळी मुक्काम बिघडला की कामही बिघडते, आणि साठवलेला पैसा पाण्यासारखा जाऊन वर मनस्ताप पदरी पडतो.

आपण म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? मुंबईत कोणी ना कोणी नातेवाईक असतोच! खरे आहे. दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. गिरगावच्या किंवा लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहत, आणि आठवा पाहुणा गॅलरीत पथारी पसरून झोपे. आज घरात खोल्या दोन असतील, पण नवराबायको दोघेही सकाळी आठला बाहेर पडतात आणि मुलाची परीक्षा तोंडावर असते. प्रेम आटले असे मी म्हणणार नाही. सवड मात्र आटली आहे. अशा घरी आजारी माणसाला घेऊन चार दिवस उतरणे हे दोन्ही बाजूंना जड जाते, आणि दोन्ही बाजू ते बोलून दाखवत नाहीत. त्यापेक्षा आपण हॉटेलात उतरावे आणि एका संध्याकाळी मिठाईचा पुडा घेऊन त्यांच्याकडे जेवायला जावे. यात परकेपणा नाही. उलट नाते टिकवण्याचा हा एक समंजस मार्ग आहे.

बरे, उतरण्याची ही रीत आपल्याकडे काही नवी नाही. लोकमान्य टिळक मुंबईस येत, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. ते सरदारगृह म्हणजे उतारूंसाठीची एक वास्तूच होती. बोरीबंदर स्टेशन तिथून जवळ आणि फोर्टातली कोर्टकचेरीही फार दूर नाही. कामाच्या माणसाने कामाजवळ उतरावे, हा विचार त्या निवडीतही दिसतो.

माझ्या भाषणाचे सारही तेच आहे. आपण हॉटेल निवडताना उलट्या टोकाकडून आरंभ करतो. प्रथम भाडे पाहतो, मग फोटो पाहतो, आणि आपले काम कुठे आहे हे गाडीत बसल्यावर पाहतो. क्रम असा हवा: आधी काम, मग माणूस, मग ठिकाण आणि शेवटी भाडे. आपण विकत घेतो ती नुसती खोली नसते. दुसऱ्या दिवशीचे मोकळे तास आणि आदल्या रात्रीची झोप, या दोन वस्तू आपण विकत घेत असतो.

मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. हे शहर दक्षिणोत्तर लांबलचक आणि रुंदीला चिंचोळे आहे. नुसते चर्चगेट ते विरार हे अंतरच साठ किलोमीटर भरते. ‘हॉटेल मुंबईतच आहे’ या वाक्याला म्हणून फारसा अर्थ नाही. मंत्रालय आणि हायकोर्ट दक्षिण टोकाला, टाटा स्मारक रुग्णालय व केईएम परळला, वांद्रे-कुर्ला संकुलातली कार्यालये मध्यावर, विमानतळ अंधेरी-सांताक्रूझकडे. शिवाय बाहेरगावच्या गाड्याही सगळ्या एका स्टेशनात येत नाहीत. कोणती गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते, कोणती दादरला थांबते, तर कोणती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला किंवा वांद्रे टर्मिनसला संपते. आणखी एक बारकावा: रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस चालत नाही. तिकडे टॅक्सी, बस किंवा पायी.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या गावचे साठी ओलांडलेले एक जोडपे आहे. बाईंच्या तपासण्या परळच्या इस्पितळात व्हायच्या आहेत. मुक्काम तीन रात्री. अंधेरी पूर्वेला खोली दोन हजारांत मिळते, आणि परळ-दादर भागात तशीच खोली तीन हजारांत. सोयीसाठी आपण हे आकडे धरून चालू. तात्या म्हणतात, “रोजचे हजार रुपये वाचतात, अंधेरीच बरी!” परंतु हिशेब पुरता करू या. पाच टक्के करासह फरक पडतो रोज १,०५० रुपयांचा. अंधेरीहून परळ अठरा किलोमीटर धरले, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेल्या दराने, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये या मापाने, काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पावणेचारशेच्या आसपास होतात. जाऊन येऊन साडेसातशे. उरले तीनशे. त्या तीनशेंसाठी बाईंनी रोज दोन-अडीच तास गर्दीत खोळंबायचे, आणि दुपारी तपासणी लवकर आटोपली तरी खोलीवर जाऊन पडायची सोय नाही. संध्याकाळी रिपोर्टासाठी पुन्हा बोलावले, तर ते तीनशेही गेले आणि वर पदरचे घालावे लागले!

मात्र हाच हिशेब पंचवीस वर्षांच्या तरुणाला लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. तो लोकलने दहा-वीस रुपयांत जाईल. शिवाय आरे ते कफ परेड ही सत्तावीस स्थानकांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झाली आहे. तिच्या एखाद्या उत्तरेकडच्या स्थानकाजवळ स्वस्तात उतरून मुलाखतीला दक्षिणेत जाणे त्याला सहज जमेल. क्रमात कामानंतर लगेच मी ‘माणूस’ म्हटले ते यासाठीच. जिना चढवत नाही अशा माणसाचा मुक्काम आणि धावत गाडी पकडणाऱ्याचा मुक्काम एक असू शकत नाही. आणि रविवारी लोकलवर भिस्त ठेवणार असाल, तर मेगाब्लॉकची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

ठिकाण ठरले की वेळेचा प्रश्न येतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पहाटे मुंबईस पोचतात, आणि हॉटेलवाला खोली देतो दुपारी बारा किंवा दोनला. पहाटे साडेपाच ते दुपारी दोन हे साडेआठ तास कुठे काढायचे? आजारी माणसाने सामानासह बाकड्यावर बसून? म्हणून आधीच विचारावे: खोली लवकर मिळेल का, त्याचे जादा किती पडेल, निदान तोंड धुवायची आणि सामान ठेवायची सोय होईल का? काही हॉटेलांत ज्या घटकेला याल त्या घटकेपासून चोवीस तास मोजतात. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला ती पद्धत सोयीची. निघतानाही तेच. गाडी रात्री दहाची आणि खोली सोडायची अकराला, तर मधल्या वेळाची तजवीज आधी हवी.

आता भाड्याकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे. त्याआधी तो बारा टक्के होता. साडेसात हजारांवर गेले की अठरा. साडेसात हजारांची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि आठ हजारांची ९,४४०ला! भाड्यातला फरक पाचशेचा, खिशातला दीड हजाराहून अधिक. म्हणून ‘भाडे किती?’ असे न विचारता ‘सगळे धरून किती?’ असे विचारावे. त्या ‘सगळ्या’त नाश्ता आला का, जादा गादीचे किती, मुलाचे वेगळे पडतात का, हे येते. जेवणाच्या बिलात सेवाशुल्क म्हणून काही रक्कम आपोआप जोडलेली दिसली, तर ती काढायला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ऐकले नाही, तर ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. वेटरला खुशीने काही देणे ही वेगळी गोष्ट. ती खुशीनेच राहावी.

ताऱ्यांविषयी दोन शब्द. पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देते, पण ते घेणे मालकाच्या मर्जीवर आहे. तारा नसलेले हॉटेल वाईटच असेल असे नाही. मोबाइलवर दिसणारे तारे हे निराळे, ते पुष्कळदा उतारूंनी दिलेले असतात. तेथले अभिप्राय वाचताना सर्वात गोड आणि सर्वात कडू बाजूला ठेवावेत आणि मधले, अलीकडचे वाचावेत. एकच तक्रार तीन निरनिराळ्या माणसांनी केलेली दिसली, की ती खरी समजावी.

मग हॉटेलात एक फोन करावा आणि साधे प्रश्न विचारावेत. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून आहे, की आधी दहा पायऱ्या चढाव्या लागतात? खोलीला उघडणारी खिडकी आहे का? गरम पाणी दिवसभर असते, की ठरावीक वेळी? संडास कमोडचा आहे ना, कारण गुडघे दुखणाऱ्याला दुसरा चालत नाही. खोली लिफ्टला किंवा रस्त्याला लागून तर नाही ना? पथ्याचे जेवण, निदान मऊ भात आणि दूध, जवळपास मिळेल का? पावसाळ्यात जात असाल, तर बाहेरच्या रस्त्यावर पाणी भरते का, हेही विचारा. हिंदमाता, किंग्ज सर्कल हे भाग त्यासाठी प्रसिद्धच आहेत, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबई विसरलेली नाही. तारखेचेही भान हवे. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते माणसांनी फुलून जातात. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीच्या दर्शनासाठी लाखो लोक दादरला येतात. त्या दिवसांत तिकडे उतरायचे, तर फार आधी ठरवावे.

एक गोष्ट मात्र सुखसोयीची नसून जिवाची आहे. १२ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे दिल्लीत करोलबागेतल्या एका हॉटेलाला आग लागून सतरा माणसे गेली. २९ एप्रिल २०२५च्या रात्री कोलकात्यात बडाबाजार भागातल्या हॉटेलाच्या आगीत किमान चौदा गेली. त्यांत तुमच्याआमच्यासारखी, चार दिवसांसाठी आलेली माणसे होती. म्हणून खोली ताब्यात घेतली, की चहा मागवण्यापूर्वी बाहेर येऊन जिना पाहावा. तो कुठे आहे, सामानाने अडलेला तर नाही, दुसरा जिना आहे का, त्याच्या दाराला कुलूप तर नाही? आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती मोजून ठेवावीत. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताला ती मोजणीच उपयोगी पडते. कुलूप दिसले, तर काउंटरवर सांगावे. उघडत नसतील, तर हॉटेल बदलावे.

पैसे भरतानाही सावध असावे. खऱ्या हॉटेलाच्या नावाने खोटे पान काढून आगाऊ रक्कम उकळणारे भामटे आज पुष्कळ झाले आहेत. कोणा व्यक्तीच्या नावावर पैसे पाठवायला सांगितले, की थांबावे आणि दुसरीकडून क्रमांक मिळवून पुन्हा फोन करावा. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. तिथे घटकाघटकेला महत्त्व असते. बेत रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वीच लेखी घ्यावे. इस्पितळाच्या कामात तारखा हमखास पुढे-मागे होतात.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, एवढे प्रश्न विचारले तर हॉटेलवाला काय म्हणेल? बंधुभगिनींनो, आपली खरी अडचण हीच आहे. भाजीवाल्याशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, पण गुळगुळीत काउंटरामागे टाय लावलेला तरुण दिसला की आपली जीभ टाळूला चिकटते. खोली अंधारी दिली तरी आपण ‘असू दे, दोन दिवसांचा तर प्रश्न’ म्हणून किल्ली घेतो. भीड भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगून गेले. नम्रपणे ‘आधी खोली दाखवा’ म्हणणे हा उद्धटपणा नाही. चांगल्या हॉटेलवाल्याला अशा प्रश्नांचा राग येत नाही, कारण त्यालाही गिऱ्हाईक पुन्हा यायला हवे असते. ज्याला राग येतो, त्याच्याकडे उतरू नये, हे फोनवरच कळून चुकते, हा फायदा काय थोडा झाला?

आणि आपण मागतो त्याच मापाने द्यावेही. खोली स्वच्छ हवी, तर ती स्वच्छ ठेवून सोडावी. रात्री मार्गिकेत मोठ्याने बोलू नये. शेजारच्या खोलीतही कोणी उद्याच्या शस्त्रक्रियेच्या काळजीत पडून असेल. पुढल्या खेपेस मुंबईला निघाल, तेव्हा एक कागद घ्या, वर कामाचे ठिकाण लिहा, त्याखाली बरोबर येणाऱ्या माणसाचे नाव लिहा, आणि मगच भाड्याचा आकडा मांडा.