मोठी चौकट, बेताची किंमत

मुंबईहून दिल्लीकडे निघालेली गाडी बीना आणि ललितपूर मागे टाकून झाशीकडे येऊ लागली, म्हणजे खिडकीबाहेर तांबूस माळ, खुरटी झुडपे आणि काळ्या-भुऱ्या खडकांचे उंचवटे दिसू लागतात. याच टापूत, झाशीच्या थोडे अलीकडे, बबीना हे छावणीचे गाव आहे. गावाजवळ सैन्याची विस्तीर्ण गोळीबार-मैदाने पसरलेली आहेत. भारत आणि रशिया यांच्या सैन्यांचा 'इंद्र' हा संयुक्त सराव २०१८ च्या नोव्हेंबरात येथेच पार पडला आणि पुढल्या वर्षी तो बबीना, पुणे व गोवा अशा तीन ठिकाणी विभागून झाला.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. झाशीला नेवाळकरांचे राज्य होते. गंगाधररावांची छत्री लक्ष्मी तलावाच्या काठी अद्याप उभी आहे. सत्तावनच्या धामधुमीतील झाशी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मुळे. तिची छायाचित्रे त्याने क्वचितच पाहिलेली असतात. आजही सैन्यातील नोकरीच्या निमित्ताने सातारा-कोल्हापूरकडची कुटुंबे बबीन्यास येतात, दोन-तीन वर्षे राहतात आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधून निघून जातात. पुन्हा या गावी येणे बहुधा घडत नाही. अशा कुटुंबातील एखाद्याच्या मनात चांगला कॅमेरा घ्यावा असे आले, तर त्यामागे केवळ हौस नसते. मुलांचे बालपण, बेतवाकाठचे रविवार, झाशीच्या गणेशोत्सवातील संध्याकाळ हे सारे गावी असलेल्या आईवडिलांना दाखवावयाचे असते. पैसा मात्र मोजका असतो आणि तो एकदाच खर्च करावयाचा असतो. म्हणूनच 'स्वस्तातला फुल-फ्रेम कॅमेरा' या शब्दांचा अर्थ नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

'फुल-फ्रेम', म्हणजे पूर्ण चौकट, हे नाव फिल्मच्या काळातून आलेले आहे. जर्मनीत ओस्कर बार्नाक याने चलच्चित्रपटाची पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी फिरवून ३६ × २४ मिलिमीटरची चौकट बसविली आणि १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. पुढे जगातील बहुतेक कॅमेरे याच मापावर बेतले गेले. फिल्मची जागा प्रकाशग्राही सेन्सरने घेतली तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनविणे फार खर्चाचे ठरले. त्यामुळे सामान्य ग्राहकाच्या डिजिटल कॅमेऱ्यात त्याहून लहान चौकट बसविण्यात आली. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पूर्ण चौकट तिच्या सुमारे अडीचपट भरते. २००२ साली आलेल्या कॅननच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याची किंमत आठ हजार डॉलरांच्या घरात होती. दहा वर्षांनी, २०१२ च्या सप्टेंबरात, निकॉनचा डी-६०० आणि कॅननचा ६-डी हे दोन कॅमेरे काही दिवसांच्या अंतराने जाहीर झाले. दोहोंची किंमत एकवीसशे डॉलरांच्या आसपास होती. त्याच वर्षी कॅननचा वरच्या श्रेणीतील ५-डी मार्क तीन पस्तीसशे डॉलरांना विकला जात होता. हे चौदाशे डॉलर कोठे वाचविले, याचा शोध घेतला की या कॅमेऱ्यांचे गुणदोष आपोआप उलगडत जातात.

मुख्य वस्तूत, म्हणजे सेन्सरमध्ये, काटकसर केलेली नव्हती. ही गोष्ट कितपत मोलाची आहे हे ओरछ्यास गेल्यावर समजते. बबीन्याहून झाशीमार्गे तेथे जाऊन एका दिवसात परत येता येते. लक्ष्मीनारायण मंदिरातील आणि राजमहालातील भित्तिचित्रे अंधाऱ्या दालनांत आहेत. तेथे फ्लॅशचा झोत टाकणे चित्रांच्या दृष्टीने बरे नव्हे, आणि तिकाटणे उभे करावयास जागाही नसते. हात स्थिर ठेवून सेकंदाच्या साठाव्या भागात चित्र घ्यावयाचे, तर आयएसओ ६४०० पर्यंत चढवावा लागतो. लहान चौकटीच्या कॅमेऱ्यात अशा वेळी रंगांवर वाळू पसरल्यासारखी रवाळ छटा येते. पूर्ण चौकटीवर तेवढ्याच वेळात सुमारे अडीचपट प्रकाश गोळा होत असल्याने तेच चित्र, लहान कॅमेऱ्याने २५०० च्या सुमारास घ्यावे तितके स्वच्छ उमटते. ६-डीच्या मधल्या फोकसबिंदूला तर चांदण्याइतक्या क्षीण प्रकाशातही वस्तू पकडता येते. १८८२ च्या सुमारास लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली, त्यांत ओरछ्याचे राजवाडेही होते. इंदूरच्या होळकर दरबाराचा या छायाचित्रकारास आश्रय होता. त्यांनी वाहून नेलेल्या मोठमोठ्या काचपट्ट्यांची चित्रे आजही पाहणाऱ्यास थक्क करतात. चित्र उमटणारा पृष्ठभाग मोठा असला की बारकावा टिकतो, हे तेव्हाही खरे होते.

दुसरा गुण नेत्रिकेचा. या कॅमेऱ्यांत आरशावरून येणारे दृश्य भरीव काचेच्या लोलकातून दिसते आणि ते स्वस्त लहान कॅमेऱ्यांपेक्षा मोठे व उजळ असते. ज्याने वडिलांचा फिल्मचा कॅमेरा हाताळला आहे, त्याला येथे घरी परतल्यासारखे वाटते. घरात निकॉनची जुनी भिंगे असतील तर त्यांपैकी पुष्कळशी, १९७७ नंतरची हाताने फोकस करावयाची सुद्धा, डी-६०० वर प्रकाशमापनासह चालतात. कॅननने १९८७ मध्ये भिंगाचा सांधाच बदलला. त्यापूर्वीची कॅननची भिंगे ६-डीवर बसत नाहीत.

आता काटकसर कोठे झाली ते पाहू गेल्यास पहिली नजर फोकसच्या यंत्रणेवर जाते. ६-डीला अकरा फोकसबिंदू आहेत आणि त्यांतील केवळ मधला आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा आहे. डी-६०० ला एकोणचाळीस बिंदू मिळाले, परंतु ते चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसविलेले आहेत. स्थिर बसलेल्या आजोबांचे चित्र घ्यावयास याची अडचण भासत नाही. मात्र छावणीच्या मैदानावर फुटबॉल खेळणारा मुलगा चौकटीच्या कडेने धावत आला की मधला बिंदू त्याच्यावर ठेवणे जिकिरीचे होते. त्यातून ६-डी सेकंदाला साडेचार चित्रे घेतो आणि डी-६०० साडेपाच. खेळाच्या छायाचित्रणासाठी या पैशांत लहान चौकटीचा, परंतु वेगवान कॅमेरा घेणे निःसंशय शहाणपणाचे आहे.

दुसरी काटकसर शटरमध्ये आहे. दोन्ही कॅमेऱ्यांचा कमाल वेग सेकंदाचा चारहजारावा भाग इतकाच आहे. बुंदेलखंडातील मे महिन्याच्या भर दुपारी पार्श्वभूमी पुसट करण्यासाठी एफ १.८ हे मोठे छिद्र ठेवावे आणि आयएसओ १०० असावा, तर सुमारे आठहजारावा भाग हवा असतो. तेव्हा छिद्र एफ २.८ पर्यंत आवळावे, सावलीचा आश्रय करावा किंवा भिंगावर काळसर काच चढवावी, यावाचून गत्यंतर नाही. स्मृतिपत्राच्या बाबतीत निकॉन उदार ठरला. त्याला दोन खाचा आहेत, कॅननला एकच. ज्याला दुसऱ्याच्या लग्नाची चित्रे घ्यावयाची आहेत त्याने हा फरक क्षुल्लक मानू नये.

६-डीमध्ये एक सोय मात्र त्याच्या मोठ्या भावांतही नव्हती. त्यात उपग्रहांवरून स्थान ओळखणारी जीपीएस यंत्रणा अंगभूत होती, आणि प्रत्येक चित्रासोबत अक्षांश-रेखांश नोंदविले जात. प्रवाशाला याचे अप्रूप वाटेल. छावणीत राहणाऱ्याला मात्र हीच सोय अडचणीची आहे. लष्करी ठिकाणांचे छायाचित्रण परवानगीवाचून करता येत नाही हे तर उघडच आहे, परंतु निवासाच्या अंगणात घेतलेले वाढदिवसाचे निरुपद्रवी चित्रसुद्धा ते कोठे घेतले हे पाहणाऱ्यास बिनचूक सांगून टाकते. शिवाय या यंत्रणेच्या एका पद्धतीत कॅमेरा बंद असतानाही ती अधूनमधून उपग्रहांशी संधान बांधीत राहते आणि रविवारी सकाळी पिशवीतून काढलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली आढळते. ही यंत्रणा यादीतून बंद करून ठेवणे हे बबीन्यातील खरेदीदाराचे पहिले काम असावे.

धुळीचा प्रश्न निराळाच आहे. भिंग बदलताना आत शिरलेला कण सेन्सरवर बसतो आणि निळ्या आकाशावर करडा ठिपका होऊन उमटतो. सेन्सर मोठा तितकी कणाला जागा अधिक. डी-६०० मध्ये तर या ठिपक्यांच्या तक्रारी बाहेरच्या धुळीवाचूनही आल्या. २०१३ मध्ये शटरची यंत्रणा बदललेला डी-६१० काढण्यात आला आणि २०१४ मध्ये निकॉनने जुन्या कॅमेऱ्यांचे शटर विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. बेतवेकाठच्या वाऱ्यात उघड्यावर भिंग बदलण्याची सवय मात्र कोणत्याच कॅमेऱ्याला सोसणारी नाही.

तरीही या सर्व उणिवांपेक्षा मोठी उणीव कॅमेऱ्यात नसून हिशेबात आहे. एकवीसशे डॉलर ही केवळ कॅमेऱ्याच्या पेटीची किंमत होती; भिंग वेगळे. मोठ्या चौकटीला मोठी भिंगे लागतात आणि ती जड व महाग असतात. ओरछ्याच्या छत्र्यांवर गिधाडे बसतात. ती टिपण्यास २०० मिलिमीटरचे भिंग लहान चौकटीवर ३०० चे काम करते, पूर्ण चौकटीवर ते २०० चेच राहते. पैसे पेटीतच संपून तिच्यावर एफ ५.६ चे सामान्य झूम बसविले, तर अंधाऱ्या दालनातील सारा लाभ नाहीसा होतो. एफ १.८ चे लहानसे भिंग लावलेला लहान कॅमेरा तेथे त्याला सहज मागे टाकील. म्हणून ज्याच्याजवळ थोडेच पैसे उरणार आहेत, त्याने झूमचा मोह सोडून ५० मिलिमीटर, एफ १.८ हे साधे भिंग घ्यावे. ते स्वस्त आहे, हलके आहे, आणि मोठ्या चौकटीचा खरा उपयोग त्यातून होतो. एवढाही खर्च झेपत नसेल तर पूर्ण चौकटीचा नाद न केलेला बरा.

यानंतर कॅमेऱ्यांच्या जगात पुष्कळ उलथापालथ झाली. २०१७ च्या ६-डी मार्क दोनला पंचेचाळीस फोकसबिंदू मिळाले, पण तेही मध्यभागीच एकवटलेले राहिले. २०१९ मध्ये कॅननने आरसा नसलेला, पूर्ण चौकटीचा आरपी हा कॅमेरा तेराशे डॉलरांना आणला. आरशाच्या कॅमेऱ्यांचा बाजार ओसरला आणि ज्यांनी ते हौसेने घेतले होते, त्यांनीच ते विकावयास काढले. त्यामुळे बबीन्यातील हवालदाराला किंवा शिक्षिकेला ६-डी किंवा डी-६१० आज सहज परवडेल तो वापरलेलाच.

वापरलेला कॅमेरा घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. शटर किती वेळा उघडले ते विचारावे. निर्मात्यांनी ६-डीसाठी एक लाख आणि निकॉनच्या दोन्ही कॅमेऱ्यांसाठी दीड लाख वेळांची कसोटी सांगितली होती. मग भिंगाचे छिद्र एफ १६ पर्यंत आवळून आकाशाचे एक चित्र घ्यावे आणि ते मोठे करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, विशेषतः वरच्या डाव्या बाजूस, ठिपके आहेत काय ते न्याहाळावे. बबीन्यातील एप्रिल-मेचे निरभ्र आकाश या परीक्षेला फार सोयीचे असते.