पायाच्या जोरावर चालणारा लेथ

विजेशिवाय लाकूड कसं कातत असतील? इंग्लंडमध्ये हाय विकमजवळच्या बीचच्या जंगलात कारागीर पायानं चालणाऱ्या लेथवर खुर्च्यांचे पाय कातत. वर एक लवचीक दांडा. त्याची दोरी लाकडाला वेढा घालून पायाखालच्या फळीला बांधलेली. फळी दाबली की लाकूड कारागिराच्या दिशेनं फिरतं. तेवढ्यातच पटाशी टेकवायची. पाय सैल सोडला की दांडा दोरी वर ओढतो, लाकूड उलटं फिरतं आणि पटाशी मागे घ्यावी लागते. लाकूड ओलंच घेत, कारण ते सहज कातलं जातं. बकलबरी गावचे जॉर्ज लेली याच पद्धतीनं एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. १९५८ साली ते वारले. त्यांचा लेथ आता रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात आहे.