झाकणाआधी काठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरगुती खाद्यपदार्थांचा छोटा-मोठा व्यवसाय करणारी मंडळी मला एक प्रश्न फार वेळा विचारतात. "उसाच्या रसाच्या दुकानात पेल्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद येतो, यंत्राचा दांडा खाली ओढला की दोन सेकंदांत पेला सील. उलटा केला तरी थेंब सांडत नाही. मग आमच्या फॉइलच्या डब्याला तसं झाकण का बसत नाही? बसलं, तर आमची भरली वांगी महिनाभर दुकानात राहतील!" खाद्यपदार्थांच्या वेष्टनाचं काम मी करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. खरं तर यात दोन प्रश्न आहेत. झाकण हवाबंद बसवायचं कसं, हा पहिला. आणि ते बसलं म्हणजे वांगी टिकतील का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चुकलं तर पिशवीत रस्सा सांडतो. दुसऱ्याचं चुकलं तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

आधी डबा पाहू. हॉटेलातून पार्सल येतं तो नेहमीचा चंदेरी डबा घ्या आणि त्याच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवा. चुण्या लागतील. फॉइलचा सपाट तुकडा साच्यात दाबला की मधला भाग खोल जातो आणि कोपऱ्यांपाशी जास्तीचा पत्रा उरतो. त्याला जायला जागा नसते, म्हणून तो दुमडतो. उकडीच्या मोदकाच्या पारीला पाकळ्या पडतात, तसंच. मोदकाच्या पाकळ्या आपण मुद्दाम घालतो, या आपोआप पडतात, एवढाच फरक. या चुण्या भिंतीवरच थांबत नाहीत, डब्याच्या काठावरही येतात. झाकण टेकायचं ते नेमकं या काठावर.

वरून कितीही चांगलं झाकण दाबा, प्रत्येक चुणीखाली एक बारीक पन्हळ शिल्लक राहते. जिवाणूची जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्या दृष्टीनं ही पन्हळ म्हणजे हमरस्ता. रसवाल्याच्या पेल्याचा काठ अखंड आणि गुळगुळीत असतो, शिवाय पेला आणि वरचा कागद एकमेकांना चिकटणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात. त्याचं यश यंत्रापेक्षा काठात जास्त आहे.

पार्सलच्या डब्याला मी नावं ठेवत नाही. पुठ्ठ्याचं झाकण ठेवून काठ आत मुडपायचा, ही त्याची रचना दोन तासांच्या प्रवासासाठी आहे. गरम भाजीची वाफ फटींतून निघून जाते, हे तिथं सोयीचंच असतं.

हवाबंद झाकण हवं असेल तर डबाच वेगळा घ्यावा लागतो. त्याला 'गुळगुळीत भिंतीचा डबा' म्हणू. यात फॉइल जास्त जाड वापरतात आणि साच्यात ओढताना ती कडेनं दाबून धरतात, म्हणजे पत्रा दुमडण्याऐवजी सरकतो आणि ताणला जातो. काठ सपाट राहतो, रुंदीला काही मिलिमीटर. कोपरे जितके गोलाकार, तितकं हे सोपं. म्हणून असे डबे बहुतेक गोल किंवा लंबगोल दिसतात. युरोपात कुत्र्या-मांजरांचं ओलं खाणं अशा डब्यांत सर्रास विकलं जातं, आणि मूठभर ऐवजाच्या त्या डब्याची घडण अभ्यास करण्यासारखी असते. साचा महाग पडतो, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

आता चिकटवणं. नुसतं ॲल्युमिनियम उष्णतेनं ॲल्युमिनियमला चिकटत नाही. म्हणून झाकणाला थर असतात. वर छपाई किंवा संरक्षक लेप, मध्ये फॉइल, आणि खाली वितळून चिकटणारा प्लॅस्टिकचा थर. डब्याच्या आतल्या बाजूलाही त्याच जातीचा लेप लागतो. पदार्थ डब्यातच उच्च तापमानाला शिजवायचा असेल तर हा थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, कारण तो साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. या लेपाचा आणखी एक फायदा आहे. टोमॅटो, चिंच, आमसूल आणि मीठ हे ॲल्युमिनियमचे जुने वैरी. उघडा पत्रा ते खातात, लेप असला की पत्रा वाचतो.

गरम ठोकळा झाकणावर दाबला की काम होतं, पण तापमान, दाब आणि वेळ ही तिन्ही जुळावी लागतात. ठोकळा साधारण १८० ते २२० अंशांवर आणि दाब एक-दोन सेकंद, इथून सुरुवात करून प्रत्येकानं आपल्या डब्यासाठी चाचण्या घ्यायच्या. काठाखाली सिलिकॉन रबराची पट्टी ठेवली तर उंचसखलपणा सांभाळला जातो. ठोकळ्यावर अरुंद उंचवटा ठेवला की दाब एका रेषेवर एकवटतो. फॉइल उष्णता झटकन आत नेते, पण काठ ती तितक्याच झटकन खालच्या थंड साच्यात सोडतो. म्हणून सकाळी यंत्र सुरू केल्यावर निघालेल्या पहिल्या काही डब्यांकडे मी संशयानं पाहते.

एवढं सगळं जमल्यावर घात होतो तो काठावर सांडलेल्या पदार्थानं. करंज्या करणाऱ्यांना हे सांगायला नको. कडेवर सारणाचे दोन कण अडकले, तर दूध लावून कितीही दाबा, कढईत करंजी तोंड उघडतेच. डब्याचं तसंच आहे. तेलाचा पातळ थर असला की प्लॅस्टिक धरत नाही. पाण्याचा थेंब असला तर ठोकळ्याच्या उष्णतेनं त्याची वाफ होते आणि ती झाकण उचलते. मेथीचं एक पान आडवं पडलं की तिथं बोगदाच तयार. आपल्या पदार्थांना तर्री असते, रश्शाची तार लोंबते. म्हणून माझ्या मते झाकणाची रचना भरण्यापासून सुरू होते. नळी डब्यात खाली नेऊन भरावं, थेंब तोडणारं तोंड बसवावं, काठाखाली बोटभर जागा मोकळी सोडावी. यंत्र विकणारे यावर फारसं बोलत नाहीत.

आणि हो, डबा उघडायचाही असतो! इतकं घट्ट सील की आजीला सुरी घ्यावी लागते, ते सील मी नापास करते. बाहेर आलेली पकडायची जीभ हवी, आणि तिच्यापाशी सीलची रेषा टोकदार ठेवावी. म्हणजे सुरुवातीला अगदी थोडी रुंदी सोलावी लागते, मग पुढचं झाकण सहज येतं. प्रयोगशाळेत १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून ती सोलायला किती जोर लागतो ते मोजतात. फार कमी जोर लागला तर वाहतुकीत सुटेल, फार लागला तर फॉइल फाटेल आणि अर्धं झाकण डब्यालाच राहील.

आता दुसरा प्रश्न. समजा सील उत्तम झालं. वांगी गरमागरम भरली, वर झाकण चिकटवलं. डब्यातली हवा आणि वाफ ८० अंशांवरून ३० अंशांवर आली की वाफेचं पाणी होतं, हवा आक्रसते, आणि आतला दाब पडून झाकण आत ओढलं जातं. आत गेलेलं झाकण पाहून माणसं खूश होतात, 'निर्वात झालं' म्हणतात. सील गळत नाही, एवढंच त्यावरून कळतं. पदार्थ सुरक्षित झाला, हे त्यावरून कळत नाही.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो, भाज्यांबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. हवा असली तर तो वाढत नाही, हवा नसली की वाढतो. म्हणजे शिजवलेली, फारशी आंबट नसलेली भाजी हवाबंद करून बाहेरच्या तापमानाला ठेवणं म्हणजे त्याला हवी तशी खोली देणं. त्याचं विष मज्जासंस्थेवर घाला घालतं, श्वास बंद पडू शकतो. डबा फुगला तर फेकून द्यावा, चव घेऊन पाहू नये. पण तो दर वेळी फुगेलच किंवा वास येईलच, असंही नाही.

हे बीजाणू मारायला डब्याच्या सर्वांत थंड बिंदूला, म्हणजे साधारण मध्यभागी, १२१ अंशांवर निदान ३ मिनिटांइतकी उष्णता पोचावी लागते. त्यासाठी रिटॉर्ट नावाचं दाबाखालचं मोठं पात्र लागतं. त्यात डब्याच्या आतला दाब वाढून झाकण उडू नये म्हणून बाहेरून हवेचा दाब द्यावा लागतो, आणि थंड करायला घेतल्यावर पहिल्या काही मिनिटांत तो सांभाळणं सर्वांत अवघड. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं जवानांच्या जेवणासाठी रिटॉर्टच्या पाकिटांवर मोठं काम केलं आहे. घरच्या कुकरमध्ये डबे ठेवून याची बरोबरी करू पाहणारे मला भेटतात. त्यांना मी हात जोडते.

अमेरिकेत १९५४ साली स्वॅन्सन कंपनीनं ॲल्युमिनियमच्या ताटलीतलं तयार जेवण देशभर नेलं. ते टिकत होतं गोठवल्यामुळे, झाकणामुळे नव्हे. वांग्यांनाही तोच मार्ग. सीलबंद डबा लगेच थंड करा, फ्रीजमध्ये थोडे दिवस किंवा गोठवून जास्त दिवस ठेवा, आणि झाकणावर ते ठळक छापा. बिनफ्रीजचं टिकाऊपण हवं असेल तर म्हैसूरच्याच केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पदार्थ आणि डबा दोन्ही घेऊन जा. तापमान आणि वेळ शेजारच्या उद्योजकाकडून उसने घेऊ नका, त्यांचा डबा वेगळा आणि रस्सा वेगळा.

चिवडा, शंकरपाळी, चिक्की करणाऱ्यांनी मात्र घाबरू नये. त्यात पाणीच इतकं कमी असतं की हा जिवाणू वाढत नाही. तिथं वैरी दोनच, दमट हवा आणि तेलाचा खवटपणा, आणि फॉइलचं चिकटवलेलं झाकण दोघांनाही चांगलं अडवतं. घाऊक डबे घेण्याआधी दहा नमुने मागवा. आत रंगीत पाणी आणि साबणाचा एक थेंब घाला, झाकण चिकटवा आणि टिपकागदावर रात्रभर उलटे ठेवा. सकाळी आधी कोपऱ्यांखालचा कागद पाहा.