खेळाचे इंजिन आणि वेलांटीची जागा
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



मराठीच्या भवितव्यावर मी बोलावे, अशी समितीची सूचना होती. मी विषय जरा अरुंद करते. आपले काही माजी विद्यार्थी नोकरी सांभाळून, स्वतःच्या बचतीतून, पहिलीच्या मुलांसाठी मराठी वाचनाचा संगणकीय खेळ करू पाहत आहेत. शिवाजीनगरच्या रस्त्यावर मुलांच्या कानी कन्नड, तमिळ, दखनी पडते. लिहिलेली मराठी भेटते ती बहुतांशी शाळेतच. म्हणून हा खेळ मला महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यापुढे प्रश्न आहे तो ‘गेम इंजिन’ कोणते घ्यावे, याचा.

चित्र हलवणे, आवाज वाजवणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे ही सामाईक कामे इंजिन करते. छापखाना काढणाऱ्याने खिळे ओतण्यापासून आरंभ करू नये, तसेच हे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ अनरियल इंजिनवर रचला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये खेळ जगापुढे आला. भव्य त्रिमितीय दृश्यांसाठी ती निवड योग्यच होती. विक्री दहा लाख डॉलरपलीकडे गेली, तरच अनरियल आपला वाटा मागते. पण त्याला दणकट संगणक लागतो. आपल्या मुलांना अक्षरे वाचायची आहेत, किल्ले चढायचे नाहीत.

युनिटी अधिक परिचित आहे आणि नोकरीच्या दृष्टीने उपयोगीही. मात्र १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्या कंपनीने जाहीर केले, की ठरावीक मर्यादेपुढे खेळ प्रत्येक नव्या यंत्रावर उतरवला गेला की शुल्क पडेल. तेही आधीच प्रसिद्ध झालेल्या खेळांना! घर बांधून झाल्यावर जमीनमालकाने करार बदलावा, तसे झाले. निर्माते संतापले, दहा दिवसांत अटी सौम्य झाल्या आणि वर्षभराने शुल्क रद्दच झाले. तरीही स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने करारपत्र वाचूनच पाऊल टाकावे, हे या प्रकरणाने दाखवले.

गोदो हे इंजिन अर्जेंटिनातील दोघांनी घडवले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. (नाव बेकेटच्या नाटकावरून. मराठी नाट्यरसिकांना हे ऐकून गंमत वाटेल.) शुल्क नाही, वाटा नाही. सारे इंजिन एखाद्या चित्रपटाच्या फाइलहून लहान. महागड्या खेळयंत्रांवर खेळ न्यायचा तर बाहेरच्या कंपन्यांची मदत घ्यावी लागते, ही त्याची उणीव; आपल्याला तिची बाधा नाही.

परंतु भाषाशिक्षिका म्हणून माझी खरी कसोटी निराळी आहे. ‘शि’ लिहिताना संगणक आधी ‘श’ आणि मग वेलांटी साठवतो. दाखवताना मात्र वेलांटी आधी यावी लागते. ‘क्ष’ म्हणजे त्याच्या लेखी क, हलन्त आणि ष. हे जुळवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा लागते. हर्फबझ ही अशीच एक मुक्त यंत्रणा. गोदोच्या तिसऱ्या आवृत्तीत ती नव्हती. वेलांटी अक्षरामागे पडे, जोडाक्षरे फुटत. मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत ती आली. अनरियलमध्ये ती आहे. युनिटीच्या प्रचलित अक्षरसाधनात जोडाक्षरांसाठी अनेकांना आडवाटा शोधाव्या लागल्या. अलीकडे तेथेही नवी व्यवस्था आली आहे. इंग्रजी खेळ करणाऱ्याला ही अडचण आयुष्यात भेटत नाही, म्हणून इंजिनांची तुलना करणारे तिच्याविषयी सहसा बोलत नाहीत.

तेव्हा माझे मत गोदोच्या चौथ्या आवृत्तीकडे झुकते. निर्णय पक्का करण्यापूर्वी मात्र चार शब्द टंकून पाहा : शिवाजीनगर, क्षितिज, शक्ती, दुसऱ्या. शेवटचा शब्द विशेष पाहा. तो अर्धचंद्री रकार मराठीला लागतोच. हिंदीपुरते पाहून घडवलेले टंक तेथे हमखास अडखळतात. आणि पडताळणी साध्या, जुन्या मोबाइलवर करा. आपल्या पालकांच्या घरी तोच असतो.

पहिला नमुना तयार झाला, की आमच्या पहिलीच्या वर्गात घेऊन या. वेलांटी जागेवर नसेल, तर ती मुले तुम्हाला सांगतील.