पदवीनंतरचा परदेशवास



आपल्या रत्नागिरीचे तरुण पूर्वीं बोटीनें मुंबई गांठीत. आतां कांहीं जण उच्च शिक्षणासाठीं थेट परदेशीं जातात. पदवी हातीं येते, पण खरी कसोटी तेथूनच सुरू होते.

नोकरी शोधण्यास ते देश मुदत देतात, परंतु ती मोजकी. जर्मनींत ती १८ महिन्यांपर्यंत असते. अमेरिकेंत साधारणतः १२ महिने, व त्यांत बेकारीचे दिवस एकंदर ९० हून अधिक भरतां कामा नयेत. ब्रिटननें जुलै २०२१ मध्यें दोन वर्षांची सवलत सुरू केली. म्हणून विद्यार्थ्यानें शोध शेवटच्या वर्षींच आरंभावा, आणि जुना परवाना संपण्यापूर्वीं नव्याचा अर्ज करावा.

वडीलधाऱ्यांस मात्र माझी निराळी विनंति आहे. इकडे कर्जाचे हप्ते सुरू होतात, आणि 'नोकरी लागली का?' हा प्रश्न रोज फोनवर जातो. मुलगा लाजेनें खरें सांगत नाहीं. मुदत टळली तरी परतत नाहीं, आणि चोरट्या मजुरीच्या फांसांत सांपडतो.

दापोली तालुक्यांतील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्यें केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तरी मायदेशीं परतून फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें. यशस्वी पुरुषास परतण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग रित्या हातांनीं आलेल्या मुलास तो आपण कां वाटूं द्यावा?

यास्तव मूल निघतांनाच त्यास सांगा: "काम मिळालें तर सुखानें रहा, न मिळालें तर मुदतींत घरीं ये. कर्ज आपण मिळून फेडूं."