माशाचे बळ आणि धरणाची पायरी



धरण बांधले म्हणजे पाणी अडते, हे आपण मुलांस सांगतोच. परंतु पाण्याबरोबर माशांची वाटही अडते, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जातात. ती वाट तुटली की माशांची पुढची पिढी खुंटते आणि मासेमारीवर पोट असणाऱ्यांची चूल थंडावते.

यावर उपाय म्हणून धरणाच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट बांधतात. तिला आपण मत्स्यसोपान म्हणू. अमेरिकेत कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणास १९३८ सालीच असे सोपान होते. सामन मासे त्यांवरून आजही चढतात.

पायरी किती उंच असावी, हे मात्र माशाच्या बळावरून ठरवावे लागते. पाणी ३० सेंटिमीटर खाली पडले तर त्याचा वेग सेकंदास सुमारे २.४ मीटर होतो. १० सेंटिमीटर पडले तर सुमारे १.४ मीटर. कॅनडाचे शास्त्रज्ञ ब्रेट यांनी वाहत्या पाण्याच्या नळीत मासा सोडून, वेग टप्प्याटप्प्याने वाढवीत, तो थकेपर्यंत त्याचे बळ मोजले व ही रीत १९६४ साली प्रसिद्ध केली.

हे बळ उपयोगात कसे आणावे? समजा, माशाची झेप सेकंदास २ मीटर व पाण्याचा वेग १.५ मीटर आहे. म्हणजे मासा सेकंदास अर्धा मीटरच पुढे सरकेल. दहा सेकंदांत तो थकला, तर पाच मीटरांच्या आत त्यास विसाव्याचे कुंड मिळालेच पाहिजे.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होते? थायलंडात मुन नदीवर पाक मुन धरण १९९४ साली पुरे झाले. तेथे सोपान होता. परंतु तो माशांस वर नेण्यास निरुपयोगी ठरला, असे जागतिक धरण आयोगाने २००० साली नमूद केले. कोळ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर २००१ साली धरणाची दारे काही काळ उघडावी लागली.

पावसाळा ओसरल्यावर मुलांस गावच्या उथळ ओढ्यावर न्यावे. काठाने दहा मीटर अंतर मोजून पाण्यात पान सोडावे, सेकंद मोजावेत आणि वेग काढावा. मग विचारावे: या धारेत बोटाएवढा मासा विसाव्यास कोठे थांबेल? दगडाच्या आडोशाकडे ज्याचे बोट जाईल, त्यास मत्स्यसोपानाचे मर्म कळले असे समजावे.